टाकीचा सुस्कारा

फेब्रुवारी लागला की आमच्या आग्रा रोडवर दोन वास एकमेकांत मिसळतात, तापलेल्या डिझेलचा आणि द्राक्षांचा. द्राक्षाला कुठं वास असतो, असं बाहेरची माणसं म्हणतात. त्यांनी एकदा आडगावच्या पुढं, क्रेटांनी भरलेल्या पिकअपच्या मागोमाग दोन किलोमीटर गाडी चालवून बघावी. गोड, किंचित आंबूस, घशात उतरणारा तो वास आला की मी समजते, आता आठवड्याभरात गॅरेजसमोर रांग लागणार. वर्षभर कुरकुरत का होईना चाललेला ट्रक नेमका हंगामात अंथरूण धरतो. दुखणंसुद्धा मुहूर्त पाहून येतं.

यंदाही रांग लागली आहे. मी प्लास्टिकच्या खुर्चीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले आहे, त्याची वायर एका सोळा चाकी गाडीच्या केबिनमध्ये गेली आहे आणि रफिकचाचा बोनेटखालून काहीतरी पुटपुटत आहेत. समोरच्या रस्त्यावरून पांढरे कंटेनर बंदराकडे चालले आहेत. ते पाहिले की तीन वर्षांपूर्वीचा हंगाम आठवतो. असा हंगाम आला की ‘नको त्या आठवणी’ असं म्हणायची पद्धत आहे. मला त्या हव्या असतात. मी तो हंगाम मुद्दाम आठवते, चांगला घोळवून घोळवून आठवते.

जुन्या गाड्या बोलायच्या, असं आमचे चाचा सांगतात. काळा धूर म्हणजे हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे डिझेल कच्चं जातंय. कान लावला, हात ठेवला, धूर पाहिला की निम्मं काम झालं. नव्या गाड्या तोंड मिटून असतात. त्यांच्या धुराला आधी फिल्टर गाळतो, मग त्यावर युरियाचं पाणी फवारलं जातं, आणि बाहेर येते ती नुसती गरम हवा. काही बिघडलं तर समोर एक पिवळा दिवा लागतो आणि गाडी आपली आपणच ताकद कमी करून घेते. ड्रायव्हरनं ॲक्सिलरेटर पार फळीला टेकवला तरी बैलगाडीच्या चालीनं जाते. का रुसली, ते सांगत नाही. त्यासाठी स्कॅनर लावावा लागतो.

मी स्कॅनरच्या विरोधात नाही. गॅरेजात तो मीच आणला. सातपूरला आयटीआय केलेली मी, आणि माझा नवरा प्रकाश, त्याचे हात पान्यावर. अशी आमची वाटणी होती. पण स्कॅनर खोटं बोलत नसला तरी विचारलं तेवढंच सांगतो, हे मला त्या हंगामात कळलं. तो म्हणतो, डिझेलचा दाब कमी झाला. का कमी झाला, हे तो म्हणत नाही. ते आपण शोधायचं असतं. हल्ली मात्र शोधायला कुणाला वेळ नाही. स्क्रीनवर ज्याचं नाव आलं, तो भाग बदला. तरी नाही जमलं तर त्याच्या शेजारचा बदला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मला याची चीड येते, आजही येते, आणि ती मी लपवत नाही.

प्रकाश त्या आधीच्या श्रावणात गेला. दुपारी जेवून उठला, हात धुवायला मोरीकडं गेला आणि तिथंच बसला. त्यावर मी जास्त लिहिणार नाही. एवढंच लिहिते की तेराव्यानंतर घरात जी बैठक बसली, तिच्यात गॅरेज बंद करायचं हे सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं आणि मला विचारायचं तेवढं राहिलं होतं. मी म्हटलं, नाही. दीर म्हणाले, “वहिनी, बाईमाणसानं ट्रकखाली झोपायचं, लोक काय म्हणतील?” मी म्हटलं, “गाडी दुरुस्त झाली तर ‘झाली’ म्हणतील.” दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उघडलं. रफिकचाचा आधीच पायरीवर येऊन बसलेले होते. त्यांनी चहा सांगितला.

पहिले काही महिने माणसं यायची आणि माझ्याकडं बघत विचारायची, “मेकॅनिक कुठंय?” मी म्हणायची, “बसा, बोलावते.” मग आत जाऊन हातमोजे घालून बाहेर यायची. निम्मे ओशाळून हसायचे, निम्मे गाडी वळवून जायचे. जाणाऱ्यांकडं मी बघत राहायची नाही. कामं पडलेली असायची.

दत्तूभाऊ वळून न जाणाऱ्यांतले. दिंडोरीकडचा माणूस, स्वतःचा एकच ट्रक, स्वतःच मालक आणि स्वतःच ड्रायव्हर. हंगामात पिंपळगावजवळच्या, निर्यातीचा माल भरणाऱ्या एका पॅकहाऊसमधून द्राक्षांचा कंटेनर घेऊन बंदराला जायचं, हे त्यांचं काम. द्राक्षांच्या कंटेनरला दम नसतो. जहाजाची वेळ ठरलेली असते, ती चुकली तर आतला माल बंदराच्या फाटकावर उभा राहतो. म्हणून पॅकहाऊसचे मॅनेजर एकदा बंद पडलेली गाडी माफ करतात, दुसऱ्यांदा ताकीद देतात आणि तिसऱ्यांदा यादीतून काढतात. एकदा नाव कापलं की त्या हंगामात कुठलंच पॅकहाऊस उभं करत नाही. सगळ्यांचे फोन एकमेकांकडं असतात.

दत्तूभाऊंची गाडी घोटीच्या अलीकडच्या चढावर पहिल्यांदा रुसली. भरलेली गाडी, सकाळी अकराचं ऊन, दोन्ही बाजूंना भाताची कापलेली खाचरं. दिवा लागला, ताकद गेली, गाडी कडेला जाऊन उभी राहिली. दहा-पंधरा मिनिटांनी चालू केली तर जणू काही झालंच नव्हतं. परतताना त्यांनी ती थेट माझ्याकडं आणली. स्कॅनर म्हणाला, डिझेलचा दाब कमी. मी फिल्टर बदलले. टाकीची नळी काढून इंजिनाला डब्यातलं डिझेल पाजून पाहिलं, तर अगदी लोण्यासारखं चाललं. म्हणजे टाकीपासून येणाऱ्या नळीतच दोष, असं मी ठरवलं आणि ती नळी बदलली. आडगावपासून ओझरपर्यंत चालवून पाहिली. उत्तम. मी स्वतःवर खूश होते.

पुढच्या खेपेला गाडी त्याच चढावर बंद पडली.

तो माझा पराभव होता आणि तो पॅकहाऊसच्या सगळ्या यार्डात पोचला. मॅनेजरनं दत्तूभाऊंना ताकीद दिली आणि गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेऊन दाखवायला सांगितली. तिथल्या इंजिनिअरनं, चांगला शिकलेला पोरगा, अर्धा दिवस गाडी ठेवून घेतली आणि निदान केलं: डिझेलला दाब देणारा हाय प्रेशर पंप गेला, पूर्ण बदलावा लागेल. पंप मागवायला आठवडा. आठवडाभर गाडी उभी राहिली की यादीतलं नाव आपोआपच गेलं. आणि यार्डात एक ड्रायव्हर म्हणाला, तो कोण ते मला ठाऊक आहे आणि मी नाव सांगत नाही, “पांढऱ्या कपाळाचा हात लागल्यावर गाडी अजून काय करणार?”

दत्तूभाऊंनी मला हे सांगितलं तेव्हा ते जमिनीकडं बघत होते. सांगायला नको होतं, पण त्यांना ते एकट्याला वाहवेना.

मला राग आला, तोही खूप. प्रकाश असतानाही ग्रीसच्या हातांपुढं माझी टिकली कधी तासभर जागेवर टिकली नव्हती. तो हसायचा, म्हणायचा, तुझं कुंकू इंजिन ऑइलचं. आणि आता त्याच कपाळावर गाड्यांचं भवितव्य ठरायला लागलं होतं. मी चाचांकडं पाहिलं. ते पाना पुसत म्हणाले, “बेटा, पंप गेला असता तर दहा मिन्टांनी परत आला नसता. गेलेला माणूस येतो का परत?” मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं आणि त्यांनी पाना खाली ठेवला. मी म्हटलं, “बरोबर बोललात, चाचा.” बरोबरच होतं ते. खराब पंप विश्रांती घेऊन बरा होत नाही.

दत्तूभाऊंना म्हटलं, “पंप बदलू नका. परवाची खेप घ्या. मी बरोबर येते.”

“ताई, तिसऱ्यांदा हाय ही. परत थांबली तर माझं नाव कापतील.”

“माझंही कापतील. दोघांचं मिळून कापू दे.”

खरं सांगायचं तर माझ्याकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडं एवढंच होतं की दुसऱ्याचं उत्तर चुकीचं आहे.

परवा म्हणजे फेब्रुवारीतला एक लख्ख दिवस. सकाळी त्यांच्या घरून निघालो तेव्हा त्यांची बायको सुमनवहिनी आरतीचं ताट घेऊन बाहेर आल्या. हंगामात दर खेपेला त्या गाडीला ओवाळायच्या. काचेवर कुंकू, चाकापुढं लिंबू, बंपरवर फूल. मग मागं कुठंतरी फेरी मारून आल्या. मी बाजूला उभी होते. अशा वेळी आपणहून बाजूला उभं राहायची सवय मला सहा महिन्यांत लागली होती, आणि ती लागली याचाही मला राग होता. वहिनींनी माझ्या हातावर साखर ठेवली आणि म्हणाल्या, “नीट आना बरं दोघांना.” त्यांना, असं न म्हणता दोघांना. गाडी त्यांच्या घरातलं दुसरं माणूस होती.

पॅकहाऊसला कंटेनर लावला, शेजारच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली आणि नाशिक मागं टाकलं. मी लॅपटॉप मांडीवर उघडून दाबाचा आकडा बघत होते. विल्होळीला ठीक. वाडिवऱ्हेला किंचित खाली. घोटीजवळ यायला लागलो तसा तो आकडा, उतारावरचं पाणी जावं तसा, हळूहळू उतरत गेला. दिवा लागला. इंजिनाचा आवाज बसला. गाडी त्याच चढावर, जवळजवळ त्याच आंब्यापाशी उभी राहिली. कंटेनरचं कूलिंग वेगळ्या इंजिनावर असतं, ते मागं घरघरत राहिलं. बाकी सगळं शांत.

लगेच फोन वाजला. हल्ली गाडी कुठं उभी आहे ते पॅकहाऊसमध्ये मोबाइलवर दिसतं. दत्तूभाऊंनी फोन हातात धरला आणि उचलेनात. मी घेतला.

“थांबली ना?” मॅनेजर म्हणाले.

“थांबली. शेवटची थांबली.”

“पंधरा मिनिटं देतो, मॅडम. मग दुसऱ्या गाडीचा घोडा पाठवून कंटेनर ओढून घेतो.”

मी दत्तूभाऊंना विचारलं, जे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं: “आधी दोनदा बंद पडली, तेव्हा तुम्ही काय काय केलंत? सगळं सांगा. फालतू वाटेल तेही.”

“काय करनार ताई? उतरलो. पाय मोकळे केले. टायर ठोकून बघितले. डिझेल हाय का बघाया टाकी उघडली.”

“मग?”

“मग काय नाय. टाकी भरलेलीच. लय दमती बिचारी, झाकन उघडलं का सुस्कारा टाकती. मग थोडी निवली का चालती.”

सुस्कारा. मी केबिनमधून उडीच मारली. ते झाकण उघडायला निघाले होते, त्यांना थांबवलं, कान टाकीशी नेला आणि स्वतः झाकण फिरवलं. सुऽऽस्स. हवा आत ओढली गेली. बाहेर येत नव्हती, आत जात होती. इतका वेळ ती टाकी श्वासासाठी तडफडत होती.

डिझेल जातं तशी त्या जागी हवा आत यावी लागते, हे शाळेतलं पोरही सांगेल. डब्याला एकच भोक पाडलं तर तेल धड पडत नाही. म्हणून झाकणाच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं छिद्र असतं. मी झाकण उन्हात धरलं. छिद्र दिसेना. तिथं लाल, टणक, बोटाच्या ठशाएवढी टिकली होती. नखानं खरवडली. कुंकू. तेलात कालवलेलं, दर खेपेला थरावर थर चढलेलं, वरून रस्त्याची धूळ बसून लांबी भरल्यासारखं घट्ट झालेलं.

मग सगळं एका मागोमाग एक जागेवर बसलं. मी गॅरेजात डिझेल बघायला टाकी उघडली होती, म्हणून चाचणीत गाडी चालली. सर्व्हिस सेंटरलाही उघडली असणार. परतीच्या वाटेवर टाकी अर्धी, आत हवा भरपूर, म्हणून कधी अडली नाही. भरल्या टाकीत हवेला जागाच नाही, म्हणून नेमकी भरल्या खेपेला, नेमकी घोटीला. काखेत कळसा आणि आम्ही गावाला वळसा घालत होतो, त्यात सर्वांत लांबचा वळसा माझा.

ओढणीची सेफ्टी पिन काढली, छिद्र मोकळं केलं, पलीकडचा उजेड दिसेपर्यंत फुंकलं. झाकण लावलं. दत्तूभाऊंनी चावी फिरवली. पंधरातली नऊ मिनिटं गेली होती. गाडी चढ चढली. आकडा एकदाही उतरला नाही, इगतपुरीला नाही, घाटाखाली नाही, बंदराच्या फाटकापर्यंत नाही. मी मात्र इगतपुरीला रडले. दत्तूभाऊ सरळ रस्त्याकडं बघत गाडी चालवत राहिले, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

परत आल्यावर त्यांनी अंगणात पाय ठेवायच्या आधीच बायकोवर आवाज चढवला. तुझ्या कुंकवापायी मी रस्त्यावर आलो असतो, वगैरे. मी मध्ये पडले. पण सुमनवहिनींना माझी गरज नव्हती. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “टाकीतून डिझेल चोरत्यात. कुंकू बघितलं का चोर हात लावत नाय. औंदा चोरी झाली का एकदा तरी?”

“नाय झाली,” दत्तूभाऊ म्हणाले.

“कोरडं लावलं तर वाऱ्यानं उडतं, म्हनून तेलात कालवलं. आन कुंकू काय कडंला लावत्यात का? मधीच लावत्यात. कंपनीला मधोमध भोक पाडाया कुनी सांगितलं?”

दाखवायला काढून घेतलेली झाकणाची चकती मी पुन्हा एकदा पाहिली. गोल, चपटी, मध्ये एक बिंदू. कपाळ समजून कुणीही तिथंच बोट टेकवलं असतं. ते छिद्र जिथं आखलं गेलं, तिथं कधी सुमनवहिनी नव्हत्या, आणि मी ज्या पुस्तकातून शिकले त्यातही नव्हत्या.

यार्डातल्या त्या ड्रायव्हरला मी पुढं भेटले. त्याची गाडीही माझ्याकडंच आली, दुसरी कुठं जाणार? मी त्याला काही सुनावलं नाही. गाडीखाली जाण्याआधी त्याच्यासमोर त्याच्या टाकीचं झाकण उघडलं, छिद्र पाहिलं आणि म्हटलं, “तुमच्या टाकीचं कपाळ स्वच्छ आहे. दुसरं काहीतरी असेल.” तो खाली बघत हसला. सर्व्हिस सेंटरचा तो पोरगाही आता मधूनमधून फोन करतो. मी त्याला एकच सांगते, आधी ड्रायव्हरला बसव आणि बोलू दे. माणसं फालतू म्हणून जे गाळतात, त्यात निम्मं निदान असतं. त्याला ते पटतं की नाही माहीत नाही, फोन मात्र करतो.

आजही गॅरेजात गाडी आली की मी स्कॅनरच्या आधी टाकीपाशी जाते. चाचा चिडवतात, “बेटा, नमाज पढून घे, मग काम कर.” मी झाकण फिरवते आणि ऐकते. बहुतेक वेळा काहीच ऐकू येत नाही. काहीच ऐकू येत नाही म्हणजे हवा येते-जाते आहे, सगळं ठीक आहे. माणसाच्या घराचंही असंच असावं बहुधा. ज्या घरातून सुस्कारे ऐकू येतात, तिथं कुठंतरी कुणीतरी प्रेमानं, श्रद्धेनं, रीत म्हणून एखादं छिद्र लिंपून टाकलेलं असतं. तेराव्यानंतरच्या आमच्या त्या बैठकीतली सगळी माणसं माझ्यावर माया करणारीच होती.

परवा यंदाची पहिली खेप निघाली. दत्तूभाऊंकडं आता दोन गाड्या आहेत. मला बोलावणं होतं, गाड्या तपासून द्यायला. तपासून झालं, सुमनवहिनी ताट घेऊन बाहेर आल्या, आणि मी सवयीनं दोन पावलं मागं सरकले. अंगणात शेजारपाजारच्या बायका होत्या, पॅकहाऊसचे मॅनेजर होते, तीन-चार ड्रायव्हर होते. पांढऱ्या कपाळाचं बोलणारा तोही होता.

वहिनींनी काचेवर कुंकू लावलं, लिंबू ठेवलं. मग टाकीपाशी जाऊन थांबल्या आणि तिथूनच हाक मारली. “ताई, इकडं या. इथलं तुमी लावा.”

एका म्हातारीनं “अगं, सुमन...” म्हणून सुरुवात केली. वहिनींनी तिच्याकडं वळूनही पाहिलं नाही. ताट माझ्यापुढं धरून त्या उभ्या राहिल्या. “जागा त्यांना ठाव हाय,” एवढंच म्हणाल्या.

माझी नखं काळी होती. मी बोट कुंकवात बुडवलं आणि सगळ्यांच्या देखत टाकीला लावलं, छिद्र सोडून.